खेळासाठी टीव्ही घेताना : खोक्यावर न छापलेला आकडा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गावर्गांतून घरच्या खरेदीच्या गप्पा ऐकू येतात. कोणाकडे नवी सायकल आलेली असते, कोणाकडे फ्रीज. अलीकडे या गप्पांत आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे ‘गेमसाठीचा टीव्ही’. मुले इतके हर्ट्झ आणि तितके ‘के’ अशी भाषा बोलतात, आई-वडील महिन्याचा हिशेब मांडतात आणि दुकानदार दोघांनाही सर्वांत मोठा टीव्ही दाखवतो. या विषयावर वार्तापत्रात लिहावे असे आम्हाला, म्हणजे शाळेच्या विज्ञान व संगणक विभागातील शिक्षकांना, वाटण्याचे कारण दोन घटना ठरल्या.

पहिली घटना शाळेतलीच. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना प्लेस्टेशन ४ छंदवर्गाला भेट दिला. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर दृक्-श्राव्य खोलीतल्या ४३ इंची टीव्हीला तो जोडून मुले क्रिकेटचा खेळ खेळू लागली. दोन आठवड्यांतच तक्रार आली, "सर, बटण वेळेवर दाबतो, पण चेंडू गेल्यावर बॅट फिरते." टीव्ही जुना झाला, नवा घ्यावा, असे सगळ्यांचे मत पडले आणि विषय विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत गेला. पैसा देणगीदारांचा, म्हणून एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "दोष टीव्हीचाच आहे हे कोणी तपासले आहे का?" कोणीच तपासले नव्हते. ते काम आमच्याकडे आले.

दुसरी घटना एका पालकांच्या घरची. मुलासाठी त्यांनी प्लेस्टेशन ५ घेतला होता. दसऱ्याला त्याच्या जोडीला हप्त्यांवर ५५ इंची टीव्ही घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२०’ छापलेले होते, आणि मुलाला तोच आकडा हवा होता. घरी आल्यावर प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये पाहिले तर हा टीव्ही १२० हर्ट्झ घेत नाही असे दिसले. दुकानात विचारले तर "तुमच्या गेममध्येच खराबी असेल" असे उत्तर मिळाले. ते गृहस्थ बिल आणि खोक्याचा फोटो घेऊन शाळेत आले व म्हणाले, "सर, आम्ही फसलो का?"

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच निघाले. टीव्हीच्या जाहिरातीतले आकडे चित्र किती सुंदर दिसते हे सांगण्यासाठी असतात. सिनेमा पाहताना तेवढे पुरते, कारण आपण फक्त पाहत असतो. खेळताना मात्र आपण चित्राला उत्तर देतो आणि चित्र आपल्याला उत्तर देते. त्या उत्तराला किती उशीर लागतो हा खेळासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा, आणि नेमका तोच बहुतेक खोक्यांवर छापलेला नसतो.

बदकांचा खेळ आणि जुना डबा टीव्ही

आज चाळिशीत असलेल्या पालकांना आठवत असेल, १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम घरोघरी आले होते. त्यांच्याबरोबर प्लास्टिकची एक बंदूक मिळे आणि पडद्यावर उडणारी बदके टिपायची असत. ही बंदूक आज माळ्यावरून काढून नव्या सपाट टीव्हीला जोडलीत तर एकही बदक पडणार नाही. बंदूक बिघडलेली नसली तरी असेच होईल. का, ते पाहण्यासारखे आहे.

बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळी त्या चौकोनाकडे रोखलेली असेल तर प्रकाश आत शिरतो आणि खेळ म्हणतो, ‘लागले’. हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात होते आणि चौकोन नेमका केव्हा दिसायला हवा हे खेळाने आधीच धरलेले असते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीत आलेला संदेश जवळजवळ जसाच्या तसा पडद्यावर रंगवला जाई, साठवून ठेवायची सोयच नव्हती. त्यामुळे चौकोन वेळेवर दिसे. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, त्याच्यावर काम करतो आणि मग दाखवतो. चौकोन उशिरा येतो, तोवर खेळाने ‘चुकले’ असा निकाल दिलेला असतो. शिवाय ही बंदूक डबा टीव्हीच्या विशिष्ट लुकलुकण्यावर बेतलेली असे. ते लुकलुकणे नव्या पडद्यात नाही.

म्हणजे पडदा सपाट आणि देखणा झाला, पण त्या बदल्यात आपण थोडा वेळ गमावला. तो किती गमावायचा हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

उशीर होतो कुठे?

टीव्हीच्या आत एक छोटा संगणकच बसलेला असतो. आलेले चित्र पडद्याच्या मापाला ताणणे, त्यातला खरखरीतपणा काढणे, रंग उजळणे अशी कामे तो करतो. यातले सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे हालचाल मऊ करण्यासाठी दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचे तिसरे चित्र घालणे. गणितात सरासरी काढायची तर दोन्ही आकडे हातात असावे लागतात. तसेच मधले चित्र काढायला पुढचे चित्र आधी हाती यावे लागते. म्हणून टीव्ही मुद्दाम थांबून राहतो. मालिका पाहताना तो थांबला तरी आपल्याला कळत नाही. चेंडू समोर येत असताना मात्र कळते.

यावरचा उपाय जवळपास प्रत्येक नव्या टीव्हीत दिलेला असतो. त्याचे नाव ‘गेम मोड’. तो लावला की टीव्ही यातली बरीच कामे बाजूला ठेवतो आणि आलेले चित्र शक्य तितक्या लवकर दाखवतो. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. अडचण इतकीच की बऱ्याच घरांत तो कधीच लावलेला नसतो. काही टीव्हींत तो प्रत्येक एचडीएमआय खाचेला वेगवेगळा लावावा लागतो, म्हणजे एका खाचेवर लावला आणि वायर दुसरीत घातली की पहिले पाढे पंचावन्न!

मुलांनी केलेला प्रयोग

आता शाळेतल्या तक्रारीकडे वळू. उशीर मोजायचा कसा? महागडे उपकरण आमच्याकडे नव्हते. पण एका शिक्षकांच्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा होता. म्हणजे दर दोन चित्रांत सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे अंतर. (१ सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद.) नववीच्या मुलांनी कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरला की बटणावरचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चित्रणात येतील. बटण दाबले गेल्यापासून पडद्यावर बॅट हलेपर्यंत किती चित्रे गेली ते मोजायचे. असे दहा वेळा केले आणि सरासरी काढली.

टीव्ही होता तसाच ठेवून सरासरी आली ४६ चित्रे, म्हणजे सुमारे १९२ मिलिसेकंद. मग रिमोटवरून गेम मोड लावला आणि पुन्हा दहा वेळा मोजले. या वेळी सरासरी आली २६ चित्रे, म्हणजे सुमारे १०८ मिलिसेकंद. फरक २० चित्रांचा, ८३ मिलिसेकंदांचा.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. पहिले १९२ मिलिसेकंद एकट्या टीव्हीचे नव्हते. कंट्रोलर, प्लेस्टेशन आणि स्वतः खेळ हेही आपापला वेळ घेतात. पण दोन्ही वेळा तेच यंत्र, तोच खेळ, तीच वायर होती. बदलला फक्त टीव्हीचा मोड. म्हणून मधला ८३ मिलिसेकंदांचा फरक टीव्हीच्या पदरात घालता येतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा जो नियम आपण प्रयोगशाळेत शिकतो तो इथेच उपयोगी पडला.

८३ मिलिसेकंद म्हणजे पापणी लवते न लवते इतका वेळ. त्याचे एवढे काय? हिशेब करून पाहा. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. ८३ मिलिसेकंदांत तो सव्वातीन मीटरांच्या जवळपास पुढे आलेला असतो. खेळपट्टी आहे २० मीटरांची. म्हणजे मुलाच्या डोळ्यांना चेंडू जिथे दिसत होता, त्याच्या तीन मीटर पुढे तो खेळाच्या हिशेबात पोचलेला होता. मुले चुकत नव्हती. ती वेळेवर बटण दाबत होती, पण शिळ्या चित्राकडे पाहून.

हर्ट्झचा आकडा आणि त्यामागचा शब्द

आता त्या पालकांच्या ‘१२०’कडे येऊ. पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो त्या आकड्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १२० हर्ट्झच्या पडद्यावर दर ८.३ मिलिसेकंदांनी. चित्रे जितकी दाट, तितकी हालचाल सलग दिसते आणि हाताला उत्तरही लवकर मिळते. म्हणून १२० हर्ट्झची मागणी अवास्तव नाही.

पण खोक्यावर १२० लिहिलेले सर्व टीव्ही १२० हर्ट्झचे नसतात. त्या गृहस्थांनी आणलेला फोटो आम्ही मोठा करून पाहिला. १२० या आकड्याच्या आधी लहान अक्षरांत ‘मोशन’ असा शब्द होता. टीव्ही हालचाल किती मऊ करून दाखवतो याचे कंपनीने स्वतः ठरवलेले ते माप होते. त्यामागचा पडदा होता ६० हर्ट्झचा. आणखी एक प्रकार असा की काही ६० हर्ट्झचे पडदे शेजारच्या दोन-दोन ओळी एकत्र करून १२०चा वेग गाठतात. मग वेग मिळतो, पण उभ्या दिशेने चित्राचा बारकावा निम्मा होतो.

खोक्यावर खोटे काहीच छापलेले नव्हते. शब्द वाचायचा राहिला होता, आणि विकणाऱ्यानेही तो वाचून दाखवला नव्हता. यासाठी जे जास्तीचे पैसे गेले ते परत येणार नव्हते, हे त्या गृहस्थांना सांगताना आम्हालाही वाईट वाटले. खरेदीपूर्वी खोक्याऐवजी कंपनीच्या माहितीपत्रकात ‘पॅनेलचा रिफ्रेश रेट’ किंवा ‘नेटिव्ह’ या शब्दापुढचा आकडा पाहावा, एवढे शहाणपण त्यातून आपण सर्वांनी घ्यावे.

मागच्या खाचा आणि वायर

टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या तीन-चार खाचा असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण सगळ्यांची ताकद सारखी नसते. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत माहिती जाते. ४के चित्र ६० हर्ट्झवर दाखवायला ती पुरते. २०१७ साली आलेल्या एचडीएमआय २.१ ची मर्यादा ४८ गिगाबिट आहे. ४के चित्र पूर्ण बारकाव्याने १२० हर्ट्झवर हवे असेल तर ही खाच लागते. सोपे उदाहरण द्यायचे तर नळाची तोटी मोठी असून उपयोग नाही, मागचा पाइपही रुंद हवा.

मात्र ‘२.१’ एवढे लिहिलेले पाहून समाधान मानू नये. त्यातल्या अनेक सोयी देणे कंपनीवर बंधनकारक नाही. खेळासाठी तीन गोष्टी नावानिशी विचाराव्यात. पहिली, ४के १२० हर्ट्झ. दुसरी, व्हीआरआर. खेळात गर्दी वाढली की यंत्राला चित्रे काढायला कधी जास्त, कधी कमी वेळ लागतो. पडद्याचा ठेका मात्र ठरलेला. दोघांची गाठ चुकली की चित्र मधून फाटल्यासारखे किंवा अडखळल्यासारखे दिसते. व्हीआरआर असेल तर पडदा आपला ठेका यंत्राशी जुळवून घेतो, जसा चांगला तबलजी गायकाला सांभाळून घेतो. तिसरी, एएलएलएम. ही असेल तर खेळ सुरू होताच टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो.

पुष्कळ टीव्हींत या ताकदीच्या दोनच खाचा असतात आणि त्यातली एक साउंडबारसाठीही राखलेली असते. घरात साउंडबार आणि दोन गेम यंत्रे असतील तर हे आधीच मोजावे. काही टीव्हींत त्या खाचेची पूर्ण ताकद सेटिंगमधून सुरूही करावी लागते. वायरीचे म्हणाल तर यंत्राबरोबर खोक्यात आलेलीच वापरावी. वेगळी घ्यावी लागली तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल असलेली घ्यावी. सोन्याचा मुलामा सांगून चौपट किमतीची वायर कोणी दाखवली तर नम्रपणे नको म्हणावे. वायरीतून संदेश एक तर नीट पोचतो, नाही तर चित्र तुटते किंवा जाते. महाग वायरीने रंग खुलत नाहीत.

कोणत्या यंत्राला काय लागते?

टीव्ही आधी ठरवू नये, आपल्याकडे कोणते यंत्र आहे ते आधी पाहावे.

प्लेस्टेशन ४ (२०१३) आणि पहिला निन्टेंडो स्विच (२०१७) टीव्हीवर जास्तीत जास्त १०८० ओळींचे चित्र ६० हर्ट्झवर देतात. यांच्यासाठी १२० हर्ट्झचा टीव्ही घेणे म्हणजे गल्लीत चालवायला शर्यतीची मोटार घेणे. कमी उशिराचा साधा टीव्ही पुरे.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स (दोन्ही २०२०) ४के १२० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतात. प्लेस्टेशन ५ मध्ये व्हीआरआरची सोय एप्रिल २०२२ मध्ये आली. धाकटा एक्सबॉक्स सिरीज एस खेळ साधारण १४४० ओळींपर्यंत काढण्यासाठी बनवलेला आहे, तोही १२० हर्ट्झपर्यंत जातो. २०२५ साली आलेला निन्टेंडो स्विच २ टीव्हीला जोडल्यावर ४के ६० हर्ट्झवर, किंवा त्याहून कमी बारकाव्याने १२० हर्ट्झवर चालतो.

पण हेही खरे की या नव्या यंत्रांवरचे पुष्कळ खेळ सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात. १२०ची सोय काही निवडक खेळांत, बहुधा शर्यतीच्या व नेमबाजीच्या खेळांत असते. आपला मुलगा किंवा मुलगी मुख्यतः कोणते खेळ खेळते हे घरीच विचारावे. उत्तर ‘क्रिकेट, फुटबॉल आणि गोष्टीचे खेळ’ असे असेल तर ६० हर्ट्झचा, कमी उशिराचा चांगला टीव्ही घेऊन उरलेले पैसे वाचवण्यात काहीच कमीपणा नाही.

आकार, अंतर आणि खोलीतला उजेड

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या बैठकीच्या खोल्या लांबट आणि फ्लॅटमधल्या आखूड. खेळासाठी टीव्हीपासूनचे अंतर त्याच्या कर्णाच्या सुमारे सव्वा ते दीडपट असले तर चित्र डोळ्यांत भरते आणि मानही फिरवावी लागत नाही. ५५ इंच म्हणजे १४० सेंटिमीटर कर्ण, अंतर साधारण पावणेदोन ते दोन मीटर. ४३ इंच म्हणजे १०९ सेंटिमीटर, अंतर साधारण १.४ ते १.६ मीटर. घरचे सगळे याहून मागे बसून बातम्या पाहत असतील तर त्यात बिघडत नाही. टेप घेऊन खोली मोजावी आणि मग दुकानात जावे. दुकानातल्या मोठ्या दालनात प्रत्येक टीव्ही लहानच वाटतो.

पडद्याच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व विझतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि हालचाल अतिशय स्वच्छ. पण तो महाग असतो, आणि गुणफलक किंवा नकाशा अशी स्थिर चित्रे महिनोन्‌महिने रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्यांचा डाग पडण्याचा धोका असतो. दिवसभर बातम्यांची पट्टी चालू असणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. एलईडी पडद्यांत आयपीएस प्रकार बाजूला बसलेल्यांनाही नीट दिसतो, व्हीए प्रकारात काळा रंग जास्त गडद येतो. उजेडाच्या खोलीत जास्त प्रखर पडदा बरा. खोक्यावर ‘एचडीआर’ असले म्हणजे टीव्ही ते संदेश घेतो इतकेच कळते. ते दाखवायला लागणारी प्रखरता स्वस्त पडद्यांत बहुधा नसते, म्हणून त्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

दुकानात जाण्यापूर्वी आणि दुकानात

१. घरचा टीव्ही गेम मोडवर लावून आठवडाभर खेळून पाहा. तक्रार मिटली तर खरेदीच मिटली.

२. यंत्राचे नाव, खोलीचे अंतर आणि एचडीएमआयला जोडायच्या वस्तू कागदावर लिहून न्या.

३. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्या. एकाच मालिकेत ४३ इंची टीव्ही ६० हर्ट्झचा आणि ५५ इंची १२०चा असे असू शकते.

४. माहितीपत्रकात पॅनेलचा रिफ्रेश रेट, ४के १२०, व्हीआरआर, एएलएलएम आणि अशा खाचा किती, हे पाहा. तोंडी ‘हो’वर जाऊ नका. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

५. गेम मोडमधला उशीर किती मिलिसेकंद, हे विचारा. स्वतंत्रपणे टीव्ही तपासणारे लोक हा आकडा मोजून सांगतात. ६० हर्ट्झवर तो २०च्या आत असेल तर टीव्ही खेळाला चांगला समजावा.

६. जमल्यास आपले यंत्र सोबत न्या आणि पंधरा मिनिटे खेळू द्या का, असे विचारा. एवढी मोठी खरेदी करणाऱ्याला हे विचारायला संकोच नको. निर्णय देताना मुलांचा अंगठा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवशाचा.

७. परत घेण्याची अट व मुदत लेखी पाहा, आणि त्या मुदतीतच सगळ्या सोयी तपासून घ्या.

विश्वस्तांसाठी व काटकसरी पालकांसाठी आणखी एक गोष्ट. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणाकडे असेल तर ते बाजूला ठेवून नवे मागवावे.

शेवटी काय ठरले?

शाळेचा टीव्ही बदलला नाही. गेम मोड लावल्यानंतरच्या शनिवारी मुले खेळली, आणि ज्याने पहिली तक्रार केली होती त्याने पहिल्याच षटकात दोन चौकार मारले. टीव्हीसाठी सुचवलेली रक्कम विश्वस्तांनी तशीच ठेवली आहे. तिचे काय करायचे हे पुढच्या सभेत ठरेल. प्रयोगाचे आकडे नववीच्या मुलांनी तक्त्यावर मांडून दृक्-श्राव्य खोलीच्या दाराशी लावले आहेत. पालकांनी सभेला येताना जरूर पाहावेत.

आणि ते पालक? त्यांच्या नव्या टीव्हीवरही गेम मोड बंदच होता. तो लावून दिल्यावर ६० हर्ट्झवरही खेळ हाताबरोबर चालू लागला. मुलाचे समाधान झाले. वडिलांचे अर्धेच झाले, कारण न मिळालेल्या १२०चे हप्ते अजून चालू आहेत. "माझी गोष्ट लिहा, नाव तेवढे लिहू नका, म्हणजे दुसऱ्या कोणाचे पैसे तरी वाचतील," असे त्यांनीच आम्हाला सांगितले. हा लेख त्यांच्या त्या सांगण्यावरून लिहिला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, नवीन वस्तू मागण्याआधी जुनी मोजून पाहा. मोजणीनंतरही हवीच असेल तर आई-बाबांसमोर आकडे ठेवा. हट्टापेक्षा आकड्यांचे ऐकले जाण्याची शक्यता जास्त, असा आमचा अनुभव आहे. ज्यांना घरच्या टीव्हीचा उशीर मोजायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत भेटावे. मोबाइल पालकांचा आणि परवानगीने आणलेला असावा, एवढी एकच अट.